दिवस वर गेले

आमच्या नानीचा महिना चांदावर चालायचा. ती दाई होती. औशाजवळचं आमचं गाव आणि आसपासच्या चार वस्त्या, सगळ्या जातींची घरं, मुसलमान मोहल्ला, सगळीकडे तिला बोलावणं यायचं. किती बाळंतपणं केली हे तिला सांगता येत नसे, पण कोणत्या बाईला कोणत्या चांदात दिवस गेले हे विचारलं की लगेच उत्तर. तेरा तेजी, बारा वफात, ग्यारवी, मदार, शबे-बरात, बंदानवाज ही तिची महिन्यांची नावं. जिल्काद हा शब्द तिनं कधी उच्चारला नसेल; त्या महिन्यात गुलबर्ग्याला बंदानवाजचा उरूस भरतो, म्हणून महिना बंदानवाजचा. हिंदू घरांतल्या बायकाही चंद्रावरच मोजायच्या, पण मध्येच अधिक महिना आला की त्यांचा गोंधळ व्हायचा. नानीचा होत नसे.

रमजानात पाळी आलेल्या बाईचा हिशेब सगळ्यात चोख, असं ती म्हणायची. पाळीत रोजे धरायचे नसतात आणि सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे असतात. त्यामुळे कितव्या रोज्याला पाळी आली आणि किती रोजे सुटले हे बाईच्या पक्कं लक्षात राहतं. आज सोनोग्राफीवाले डॉक्टर ज्या तारखेसाठी बायकांना तीन-तीनदा विचारतात, ती तारीख आमच्याकडे धर्मानं लक्षात ठेवायला लावलेली होती. निदान वर्षातून एक महिना तरी.

आता गणित बघा. चांदाचा महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. नऊ चांद म्हणजे साधारण २६६ दिवस. डॉक्टरांची तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवसांची. म्हणजे नऊ चांद झाले आणि बाळ आलं नाही म्हणून घाबरलेली बाई अजून तारखेच्या दोन आठवडे अलीकडेच असते. इंग्रजी नऊ महिने २७४ दिवसांच्या आसपास जातात. आपल्याकडे सर्रास म्हणतात ते ‘नऊ महिने नऊ दिवस’ या हिशेबानं २८३ दिवस होतात, आणि ते २८० च्या बरंच जवळ आहे. तर ‘दिवस वर गेले’ असं एखाद्या घरात म्हणतात तेव्हा पहिला प्रश्न असा, की कोणत्या महिन्यानं मोजलं?

ते २८० दिवसही काही आकाशातून पडलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकातले जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावानं हा नियम ओळखला जातो: शेवटच्या पाळीच्या तारखेत सात दिवस मिळवा, तीन महिने मागे जा. पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवशी बीज सुटतं असं त्यात गृहीत धरलंय. ज्या बाईची पाळी पस्तीस दिवसांनी येते तिची तारीख आपोआप आठवडाभर चुकते. बरोबर दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीला एवढं महत्त्व. तेव्हा गर्भाची लांबी मोजून वय काढतात आणि ते बरंच अचूक असतं. अशी लवकरची सोनोग्राफी झाली की ‘तारीख उलटलेल्या’ बायकांची संख्याच कमी होते, कारण त्यातल्या बऱ्याच जणींची तारीख मुळात उलटलेलीच नसते. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख दोन-तीन आठवड्यांनी इकडेतिकडे जाऊ शकते; तिच्यावर भरवसा ठेवू नये.

पण काहींची खरोखरच उलटते. आमच्या अम्मीची उलटली होती.

ते १९७२ सालचं, दुष्काळाचं वर्ष. अम्मी अठरा वर्षांची, पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली, म्हणजे नानीच्याच हाताखाली. दहावा चांद दिसला तरी कळा नाहीत. नानीनं एरंडेल दिलं, गरम पाण्यानं शेकलं. पाच दिवसांनी कळा सुरू झाल्या, पाणी फुटलं ते हिरवट. मुलगा झाला. नखं बोटांच्या पुढे वाढलेली, अंगावर चरबी नाही, कातडी कोरडी, पायांवर भेगा पडून सोलवटलेली, डोक्यावर भरपूर केस. अंगात ऊब होती. रडला नाही.

आमच्याकडे, हनफी रिवाजात, जन्मलेल्या बाळात जिवंतपणाची काहीतरी खूण दिसली तर त्याची जनाज्याची नमाज होते. काहीच खूण नसेल तर अंघोळ घालून, पांढऱ्या कापडात गुंडाळून, नमाजीविना दफन करतात. अब्बा आणि मामू कब्रस्तानात गेले आणि तासाभरात परत आले. नोंद कुठेच नाही. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, मृत जन्मांचीही नोंद करा असं त्यात आहे. पण आमच्या गावात तेव्हा कोण नोंदवणार? मी १९७६ ची. लहानपणापासून मला ‘मोठी’ म्हणायचे आणि अम्मी दर वेळी गप्प व्हायची.

नानीनं त्यानंतर एक नियम केला. तिच्याकडच्या कोणत्याही बाईला दहावा चांद दिसू द्यायचा नाही. त्याआधी बैलगाडी जुंपून तालुक्याच्या दवाखान्यात पाठवायचं, घरचे कितीही ओरडले तरी. दहा चांद म्हणजे २९५ दिवस. डॉक्टरी पुस्तकात ‘पोस्ट-टर्म’ची व्याख्या ४२ आठवडे म्हणजे २९४ दिवस पूर्ण झालेली गर्भावस्था. नानी शाळेत गेली नव्हती.

अम्मीनं वर्णन केलेलं ते बाळ मला खूप वर्षांनी पुस्तकात सापडलं. लांब नखं, सुटलेली कातडी, वाळलेलं अंग, हिरवट डाग. उशिरा जन्मलेल्या काही बाळांत दिसणारी ही लक्षणं डॉक्टरांना जुनी ओळखीची आहेत. होतं असं, की वार ही ठरावीक मुदतीची व्यवस्था आहे. मुदत संपत आली की काही जणींत तिचा पुरवठा कमी पडू लागतो. बाळ स्वतःची चरबी वापरतं. गर्भजल कमी होतं, नाळ दाबली जाण्याची शक्यता वाढते. बाळ पोटातच शी करतं, ती पाण्यात मिसळते आणि पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊ शकते. दुसऱ्या काही जणींत वार उत्तम काम करत राहते, मग बाळ वाढतच जातं आणि डोकं बाहेर आल्यावर खांदे अडकतात. एकच उशीर, पण त्याची दोन उलट्या दिशांची संकटं. पोटाला हात लावून कोणती बाई कोणत्या बाजूला आहे हे दाईला कळत नाही. डॉक्टरांनाही दर वेळी कळतं असं नाही.

धोका किती? इथं आकडे नीट सांगायला हवेत, कारण अर्धवट आकड्यांनी लोक एकतर थरथर कापतात नाहीतर हसून सोडून देतात. २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वेगवेगळ्या देशांतल्या १३ अभ्यासांमधल्या दीड कोटी गर्भावस्था एकत्र तपासल्या होत्या. ३७ व्या आठवड्याला पोटात बाळ दगावण्याचा धोका हजारात ०.११, आणि ४२ व्या आठवड्याला हजारात ३.१८. म्हणजे ४२ आठवडे झाले तरी हजारातल्या नऊशे सत्त्याण्णव बायकांचं बाळ त्यातून वाचतं. ‘आमच्या सासूबाईंना दहा महिने झाले होते, काही झालं नाही’ असं सांगणाऱ्या सगळ्या बायका खरं बोलतात. त्या नऊशे सत्त्याण्णवांतल्या. उरलेल्या तिघी बोलत नाहीत, आमच्या अम्मीसारख्या. मेलबर्नकडच्या डॉक्टरांना तर असं दिसलं, की आपल्या दक्षिण आशियात जन्मलेल्या बायकांमध्ये हा धोका तिथंच जन्मलेल्या बायकांपेक्षा लवकर चढायला लागतो.

मग काय करायचं, वाट बघायची की कळा आणायच्या? स्वीडनमध्ये यावर एक प्रयोग झाला. बायकांचे दोन गट: एकाला ४१ आठवड्यांना कळा आणायच्या, दुसऱ्याला ४२ पर्यंत थांबवायचं. दहा हजार बायका घ्यायच्या ठरल्या होत्या. २,७६० झाल्या तेव्हा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. थांबलेल्या गटात सहा बाळं गेली होती, कळा आणलेल्या गटात एकही नाही. हा स्वीडन आहे, जिथं बाळंतिणीची काळजी जगात उत्तम घेतली जाते. आणि सिझेरियनचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच, दहा टक्क्यांच्या आसपास. याच विषयावरचे ३४ प्रयोग एकत्र करून बघितले तर कळा आणलेल्या गटात चार बाळं दगावली, थांबलेल्या गटात पंचवीस. एक बाळ वाचवायला साधारण ५४४ बायकांना कळा आणाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की ४१ आठवडे नक्की पूर्ण झालेत अशा बाईला कळा आणून मोकळं करावं. ‘नक्की’ हा शब्द महत्त्वाचा. पुन्हा तोच मोजणीचा मुद्दा.

हे सगळं मी वाचलं ते गेल्या वर्षी, सोलापुरात माझ्या भाचीचे दिवस भरत आले तेव्हा. धाकट्या बहिणीची मुलगी, चोवीस वर्षांची, पहिलंच बाळंतपण. आठव्या आठवड्यातली सोनोग्राफी होती, त्यामुळे तारखेचा वाद नव्हता. ४० आठवडे झाले, ४१ झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाखल व्हा. घरात मात्र तिच्या फुफीचं चालतं. माझ्या मेव्हण्यांची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला आपा म्हणतो. आपाचं म्हणणं एकच: “अल्लाह की मर्जी होगी तब आएगा बच्चा. दवाखानेवाले तो सिझर करनेकूच बैठे हैं.”

यातलं दुसरं वाक्य मला खोडता येईना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ ची ती, देशातल्या सरकारी दवाखान्यांत सिझेरियन १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के आहे. खासगीत जवळपास निम्म्या बायकांचं पोट फाडावं लागतं असं कोणतं वैद्यकीय कारण असू शकतं? आपाच्या स्वतःच्या दोन्ही सुनांचं सिझर झालेलं, कर्ज काढून. तिचा संशय अडाणीपणाचा नाही, अनुभवाचा आहे. अडचण अशी, की या संशयामुळं नको असलेल्या शस्त्रक्रियेबरोबर हवा असलेला उपायही नाकारला जातो. स्वीडनमध्ये कळा आणल्यानं सिझर वाढलं नाही, कारण तिथं कळा आणल्यावर थांबायला वेळ देतात. ज्या दवाखान्यात आठ तासांत ‘प्रोग्रेस नाही’ म्हणून टेबलावर घेतात तिथं स्वीडनचा आकडा सांगून उपयोग नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारायचा प्रश्न ‘कळा आणू का’ एवढाच नसतो. कोणत्या पद्धतीनं आणणार, किती तास वाट बघणार, रात्री कोण असणार, हेही विचारायला हवं. आणि ते विचारल्यावर चिडणारे डॉक्टर असतील तर वेळ असेपर्यंत दुसरे बघावेत.

पद्धती फार गूढ नाहीत. पिशवीचं तोंड मऊ व्हायला जेल ठेवतात किंवा मिसोप्रोस्टॉलची अगदी लहान मात्रा देतात. कधी फॉली कॅथेटरचा फुगा फुगवून तोंड उघडतात. मग लागलं तर ऑक्सिटोसिनचं सलाईन. या गोळी आणि फुग्याची तुलना करणारा एक चांगला प्रयोग आपल्या नागपुरातच, दोन सरकारी रुग्णालयांत झाला. रक्तदाब वाढलेल्या ६०२ बायका होत्या, २०१७ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात छापून आला. पोटातून घ्यायच्या २५ मायक्रोग्रॅमच्या गोळीनं २४ तासांत नैसर्गिक प्रसूती ५७ टक्के बायकांची झाली, फुग्यानं ४७ टक्के. स्वस्तातली गोळी. पण हीच गोळी किंवा कळांची सुई घरी कुणी दिली तर पिशवी फाटू शकते, आई आणि बाळ दोघं जाऊ शकतात. यात सवलत नाही.

आपाचं पहिलं वाक्य, मर्जीचं, त्याचं काय करायचं? कुराणात सूरह हजमध्ये गर्भ एका ठरलेल्या मुदतीपर्यंत राहतो असा उल्लेख आहे, आणि घरातली वडीलधारी माणसं तोच आधार देतात. मी आपाला म्हटलं, “आपा, मुदत किती हे तिथं कुठं लिहिलंय? त्यावर तर आपल्याच इमामांचं एकमत नाही.” आणि खरंच नाही. सूरह अहकाफमध्ये गर्भ आणि दूध सोडवणं मिळून तीस महिने, सूरह बकरामध्ये दूध पाजायची पूर्ण मुदत दोन वर्षं. यातून फुकहांनी कमीत कमी गर्भकाळ सहा महिने काढला, त्यावर वाद नाही. जास्तीत जास्त किती, यावर मात्र आयत नाही. हनफी म्हणतात दोन वर्षं. शाफई, म्हणजे आमचे कोकणातले भाऊबंद, चार वर्षं. मालिकींत चार, काही पाचही म्हणतात. इमाम मालिक स्वतः आईच्या पोटात तीन वर्षं होते अशी कथा त्यांच्या चरित्रांत सांगतात. अंदलुसियाचे इब्न हज्म तेवढे ठामपणे म्हणाले, नऊ महिन्यांच्या वर नाही.

यावर हसणं सोपं आहे. मीही पूर्वी हसायचे. पण हे नियम बाळंतपणाच्या खोलीसाठी नव्हतेच. ते काझीच्या कचेरीसाठी होते. नवरा मेलाय, किंवा तलाक होऊन वर्ष झालंय, आणि बाई गरोदर आहे. मुदत नऊ महिने धरली तर तिच्यावर बदकारीचा आळ आणि मूल बेवारस. मुदत लांबवली की बाई वाचते, मुलाला बापाचं नाव राहतं. मोरोक्को-अल्जीरियाकडे तर ‘झोपलेलं मूल’ अशी कल्पनाच रूढ होती: गर्भ पोटात झोपी जातो आणि वर्षांनी जागा होतो. २००२ मध्ये नायजेरियात अमीना लवालला दगडांनी ठार मारण्याची शिक्षा झाली होती, तेव्हा तिच्या वकिलांनी मांडलेल्या बचावात हा जुना मालिकी मुद्दाही होता, आणि सप्टेंबर २००३ मध्ये अपील न्यायालयानं शिक्षा रद्द केली. तेराशे वर्षांपूर्वीच्या या ढिलाईत दया होती असं मला वाटतं. पण न्यायासाठी ठेवलेली ढिलाई तब्येतीचा नियम म्हणून वापरली की जीव जातो. इजिप्तनं १९२९ च्या कायद्यात ही मुदत एका वर्षावर आणली. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात घटस्फोटानंतर किंवा नवऱ्याच्या मृत्यूनंतर २८० दिवस होते. आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच.

आपावर यातल्या कशाचाच परिणाम झाला नाही. तिनं भाचीला खजूर खायला लावले, रोज सात. त्याला माझी हरकत नव्हती. सूरह मरियममध्ये कळा सुरू झालेली मरियम खजुराच्या बुंध्याशी येते आणि तिला खजूर खायला सांगितलं जातं. जॉर्डनमधल्या डॉक्टरांनी शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या ६९ बायका बघितल्या, त्यांच्यात आपोआप कळा येण्याचं प्रमाण जास्त होतं. लहानसा अभ्यास, बायका चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या. खजूर खावेत, पण त्यासाठी तारीख पुढे ढकलू नये.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी भाची म्हणाली, बाळ कालपासून कमी हलतंय. आपा म्हणाली, जागा कमी झाली की कमीच हलतं. हा समज फार घरांत आहे आणि तो चुकीचा आहे. शेवटच्या दिवसांत बाळ कमी हललं तर वाट बघायची नसते, त्याच दिवशी दाखवायचं असतं.

अम्मी तोवर दिवाणावर तसबीह घेऊन बसली होती. ती क्वचितच मध्ये बोलते. ती उठली, बुरखा घातला आणि आपाला म्हणाली, “और कित्ते दिन देखते जी तुमे? मैं देख ली एक बार.” मग जावयाला म्हणाली, “बेटा, रिक्षा बुलाव.”

दाखल केलं तेव्हा ४१ आठवडे आणि तीन दिवस. पाणी कमी होतं, ठोके ठीक होते. जेल ठेवलं. सतरा तासांनी पाणी फुटलं, हिरवट. नंतर कळांबरोबर ठोके खाली जायला लागले आणि वर यायला वेळ लागू लागला. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पट्टी दाखवली, समजावून सांगितलं, आणि सिझर केलं. मुलगी झाली, तीन किलो शंभर ग्रॅम. लगेच रडली नाही. मग रडली. दोन दिवस नवजात विभागात ठेवावं लागलं.

मामूंनी तिच्या कानात अजान दिली ती काचेच्या पेटीतून बाहेर आल्यावर. अम्मीनं तिला मांडीवर घेतलं तेव्हा आधी चेहरा बघितला नाही. दुपट्यातून हात बाहेर काढला आणि नखं बघितली. लांब होती. बराच वेळ ती एकेक बोट उघडून बघत राहिली.

आपाचा आणि माझा वाद काही मिटला नाही. ती म्हणते, शेवटी सिझर झालंच ना, मी सांगत नव्हते? मी म्हणते, दोन दिवस आधी नेलं असतं तर कदाचित झालं नसतं. दोघींनाही हे सिद्ध करता येत नाही. आता तिची तिसरी सून गरोदर आहे, आठवा महिना लागलाय. मागच्या जुम्याला आपाचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “पहली सोनोग्राफी का कागज मेरे पास है. उसपे की तारीख तू गिनके बोल.”